श्लोक 58, वेळासची कासवं आणि मी काढून टाकलेला एक फोटो



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 58.

रोज एक श्लोक या हिशेबाने 700 श्लोकांना जवळजवळ दोन वर्षं लागतात. आपलं दुसरं आवर्तन चालू आहे, म्हणजे हा श्लोक या ब्लॉगवर दुसऱ्यांदा आलाय. पहिल्या वेळी मी त्याच्यासोबत एक फोटो टाकला होता. जुन्या वाचकांना आठवत असेल. सकाळचा कोवळा प्रकाश, मागे समुद्र, आणि माझ्या तळहातावर कासवाचं एक इवलंसं काळपट पिल्लू. खाली मी करुणेवर चार ओळी लिहिल्या होत्या. या ब्लॉगवरची सगळ्यात जास्त शेअर झालेली पोस्ट तीच. "ताई, किती सुंदर", "हीच खरी भक्ती" अशा कमेंट्स आठवडाभर येत होत्या. एका मुलीने तो फोटो प्रिंट करून देवघराशेजारी लावल्याचं कळवलं होतं. मी तिला नमस्काराचा इमोजी पाठवला होता.

तो फोटो मी काल रात्री काढून टाकला. का, ते आज सांगायचंय. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी श्लोक. अर्जुनाने विचारलंय की स्थितप्रज्ञ माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. त्याच्या उत्तरात भगवंत कासवाचा दाखला देतात. कासव जसं आपले अवयव चारी बाजूंनी आत ओढून घेतं, तसा जो आपली इंद्रियं विषयांपासून आवरून घेऊ शकतो, त्याची बुद्धी स्थिर झाली म्हणायची. बस, एवढंच. म्हणून तर आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. लहानपणी आजोबांचं बोट धरून देवळात गेले की आजोबा आधी त्या कासवाला हात लावायला सांगायचे. "हे सांगतंय की हातपाय आत घे, मग देवाकडे बघ." पाठ दाखवून दाखवून गुळगुळीत झालेलं ते कासव माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कासव म्हटलं की अजूनही मला दगडच आठवतो.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी वेळासला गेले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव. नाना फडणवीसांचं गाव म्हणून पूर्वी माहीत होतं, आता कासवांचं गाव म्हणून. सावित्री नदीच्या मुखाच्या अलीकडे वेळास आणि बाणकोट, पलीकडे हरिहरेश्वर. ऑफिसमध्ये नुकताच एक प्रोजेक्ट संपला होता, डोकं पार शिणलं होतं, आणि खरं सांगायचं तर "सेवा" हा शब्द मला तेव्हा फार आवडायला लागला होता. आठवडाभराची रजा टाकली आणि गावातल्या कासवमित्रांच्या हाताखाली काम करायला गेले.

पहिल्याच संध्याकाळी मी तिथल्या एका काकांना हा श्लोक ऐकवला. मला वाटलं, ते खूश होतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं आहे गो. पण आमचं कासव काही आत घेत नाही."

मला कळेना.

"ते तुमच्या विहिरीतलं, तळ्यातलं कासव. समुद्राच्या कासवाला डोकं पण आत घेता येत नाही आणि पाय पण नाहीत आत जात. पाय कसले, वल्हीच ती. पोहायला चांगली. लपायला कुठे जागाच नाही बिचाऱ्याला."

माझं सगळं चिंतन तिथेच वाळूत बसलं! मी नंतर मोबाइलवर शोधून पाहिलं, काकांचं बरोबर होतं. सागरी कासवांना मान आणि वल्ह्यांसारखे पाय कवचात ओढता येत नाहीत. पोहण्यासाठी शरीर चपटं आणि निमुळतं झालं, त्यात ती सोय गेली. म्हणजे गीतेतल्या दाखल्यातलं कासव वेगळं आणि माझ्यासमोरचं वेगळं. माझ्यासमोरचं कासव उघडं होतं.

वेळासची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. आपल्या किनाऱ्यावर येतात ती ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. ओडिशात गहिरमाथा, ऋषिकुल्या इथे ती हजारोंच्या संख्येने एकदम येतात. कोकणात तसं नाही. इथे एकेकटी मादी येते, रात्री, भरतीच्या रेषेच्या वर चढते, मागच्या पायांनी साधारण दीड फुटाचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ढकलते, अंगाने दाबून सपाट करते आणि निघून जाते. परत वळून येत नाही. मग जे काय करायचं ते वाळूची ऊब करते. पिल्लू नर होणार की मादी, हेसुद्धा ती ऊबच ठरवते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त.

पूर्वी ही अंडी उकरून नेली जायची, खाल्ली जायची, विकली जायची. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी समुद्री गरुडांच्या शोधात किनाऱ्यावर फिरत असताना त्यांना अंड्यांची टरफलं दिसली, आणि तिथून हे काम सुरू झालं. 2006 पासून कासव महोत्सव भरतो. यातली मला भिडलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्यांना घरटं कुठे आहे हे नुसत्या वाळूवरून कळायचं, त्याच माणसांची नजर पुढे राखणीला उपयोगी पडली. अंडी काढण्याचं कसब आणि अंडी वाचवण्याचं कसब एकच. वाल्याचा वाल्मीकी झाला असं म्हणायचा मोह होतो, पण तसं म्हणणं अन्याय ठरेल. वाल्या लुटारू होता, ही माणसं पोटासाठी खात होती.

आमचं काम असं असायचं. पहाटे अंधारात किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. टॉर्च शक्यतो नाही. मादी येऊन गेली असेल तर ओल्या वाळूवर ट्रॅक्टर गेल्यासारखी तिची खूण दिसते. ती खूण जिथे वर जाऊन वळते, तिथे काका काठीने हळूच टोचून बघायचे. घट्ट वाळूत काठी अडते, घरट्यावर अलगद आत जाते. मग हातांनी उकरायचं. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पांढरी, जरा मऊ. ती एकेक काढून, फिरवायची नाहीत, हिसका द्यायचा नाही, तशीच कुंपण घातलेल्या हॅचरीत न्यायची आणि तेवढ्याच खोलीचा, तसाच तोंडाशी निमुळता आणि खाली मडक्यासारखा खड्डा करून त्यात ठेवायची. वर पाटी, तारीख, अंड्यांची संख्या. पुढे पन्नास-पंचावन्न दिवस वाट बघायची. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालून ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघायचं.

हे काम करताना एक प्रश्न माझ्या मनात येत होता. तुम्हालाही येईल. रात्री एकदा दूर कोल्हा ओरडला. कोल्ह्यालाही अंडी हवीच असतात. त्यालाही पिल्लं असतील. सर्वांभूती एकच ईश्वर म्हणायचं आणि एकाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला वाचवायचं, हे कोणत्या हिशेबात बसतं? मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "कोल्हा किती खाईल? कोल्हा आणि कासव दोघं आमच्या आधीपासून इथे आहेत. तो खात होता तरी कासवं होतीच की. मध्ये आलो आम्ही. आमचे कुत्रे आले, आमचे दिवे आले, आमची जाळी आली. आम्ही जेवढं बिघडवलं तेवढं तरी भरून द्यायचं." पाप-पुण्य हे शब्द त्यांनी एकदाही वापरले नाहीत. कर्ज फेडल्यासारखं बोलत होते.

आता त्या फोटोकडे येते.

पाचव्या दिवशी सकाळी टोपली उचलली तेव्हा खाली पिल्लांचा गठ्ठा वळवळत होता. शनिवार होता, मुंबई-पुण्याची माणसं आली होती, कॅमेरे होते. पिल्लं समुद्रात सोडत नाहीत, हे तिथे सगळ्यांना आधी सांगितलं जातं. ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवतात आणि तिथून ती स्वतः चालत जातात. दोरीच्या अलीकडे माणसं, पलीकडे पिल्लं. ती वाट त्यांनी चालायची असते, कारण मोठी झाल्यावर मादी जिथे जन्मली त्याच टापूत अंडी घालायला परत येते, आणि त्या किनाऱ्याची ओळख तिच्यात इथेच कुठेतरी उमटते असं मानलं जातं. हे मीसुद्धा चार दिवस येणाऱ्यांना पाठ केल्यासारखं सांगत होते.

बाकीची पिल्लं गेली. एक मागे राहिलं. दहा पावलं चालायचं, थांबायचं. लाट यायची, त्याला उलटं मागे ढकलायची. कावळे सुरूच्या झाडावर येऊन बसले होते. दोरीमागून कुणीतरी लहान मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "त्याला कुणी हेल्प का नाही करत?" आणि मी, जी दोरीच्या आतल्या बाजूला होते, जिच्या टी-शर्टवर कासवाचं चित्र होतं, मी पुढे गेले, त्याला उचललं, तळहातावर घेतलं, क्षणभर थांबले, आणि मग गुडघाभर पाण्यात जाऊन सोडलं. मागे लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो क्षणभर थांबले ना, तो फोटो.

कुणी काढला मला माहीत नाही, दुपारपर्यंत माझ्याकडे आला होता. थांबले होते कशासाठी? आज दोन वर्षांनी मी स्वतःला हा प्रश्न विचारते तेव्हा खोटं बोलता येत नाही. कॅमेरे आहेत हे मला ठाऊक होतं.

काका लोकांसमोर काही बोलले नाहीत. नंतर चहा पिताना म्हणाले, "कोणासाठी उचललंस?"

"त्याच्यासाठी. ते दमलं होतं हो काका."

"त्याला घाई नव्हती. तुला होती."

मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही पण अंडी उचलून नेताच की! तुमचा हात लागला तर संरक्षण आणि माझा लागला तर चूक? काका हसले. म्हणाले, ते पण चूकच आहे थोडी. अंडं जागेवर राहिलं पाहिजे. सगळं ठीक असतं तर आम्ही हात लावला नसता. आणि उठून गेले.

या संवादावर मी फार विचार केलाय. हात लावणं न लावणं हा मुद्दा नाही, एवढं लवकर कळलं. काकांचा हात रात्रीच्या अंधारात, कुणी बघत नसताना, नाइलाज म्हणून आणि गरजेपुरताच लागत होता. माझा हात लागला तो मला ते दृश्य सहन होत नव्हतं म्हणून, आणि लोक बघत होते म्हणून. गीतेच्या भाषेत सरळ उत्तर आहे: त्यांचं कर्म निष्काम, माझं सकाम. झालं चिंतन, बंद करा पुस्तक.

पण ते इतकं सोपं नाहीये. काकांच्या घरी भिंतीवर वर्तमानपत्राची कात्रणं फ्रेम करून लावलेली आहेत. नावानिशी. ते पाहुण्यांना ती दाखवतातही. त्यांना अभिमान आहे, आणि का नसावा? मग त्यांचं कर्म निष्काम कसं? आणि उलट बाजूने, कासवाला माझ्या अंतःकरणशुद्धीशी काय देणंघेणं? कुणी पुण्यासाठी घरटं राखलं, कुणी पेपरात नाव यावं म्हणून राखलं, कुणी महोत्सवात पर्यटक येऊन चार पैसे मिळतात म्हणून राखलं, अंड्याला ऊब सारखीच मिळते. वेळासमध्ये घरोघरी पाहुण्यांची सोय होते, त्यातून गावाला उत्पन्न मिळतं, म्हणूनही हे काम टिकलंय. मग आम्ही शहरातली सत्संगी मंडळी हेतू शुद्ध आहे की नाही याचा एवढा काथ्याकूट का करतो? कधीकधी मला वाटतं की हीसुद्धा एक चैन आहे.

बराच काळ मी इथेच अडकले होते. सध्या मला जे दिसतं ते असं. अशुद्ध हेतू आत असतो तोवर खरंच कुणाचं काही बिघडत नाही. पण तो आत राहत नाही. शंभर वेळा गप्प बसतो आणि एकशे एकाव्या वेळी हातात उतरतो. काकांचा अभिमान कात्रणांपुरता राहिला, दोरीच्या आत आला नाही. माझा आला. चार दिवस मी नियमाने वागले, कारण कॅमेरे नव्हते.

त्या हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं असं सांगतात. मला आधी हे ऐकून उदास वाटलं होतं. मग वाटलं, फळाची आशा सोडण्याचं याहून चांगलं शिक्षण कुठे मिळणार? आज सोडलेल्या पिल्लांपैकी मादी परत यायची झाली तर दहा-पंधरा वर्षांनी येईल, आणि आली तरी ती "आपली" हे कुणाला कळणार? हल्ली टॅग लावतात. 2022 च्या जानेवारीत वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीला उपग्रहाचा टॅग लावला, तिचं नाव प्रथमा ठेवलं होतं. ओडिशात 2021 मध्ये टॅग केलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. केवढा हा प्रवास, सबंध भारताला वळसा! पण अशी कळणारी एखादी. बाकीच्यांच्या बाबतीत काकांच्या वहीत एकच रकाना आहे: किती सोडली. किती आली, असा रकानाच नाही.

इथे थोडं अवांतर. आपल्या संतांना कासवी फार आवडते. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, नुसत्या नजरेने पोसते, अशी कल्पना आपल्या अभंगांत आणि कीर्तनांत सतत येते. मी शिकायला पुण्याला निघाले तेव्हा आई एसटी स्टँडवर म्हणाली होती, "कासवीसारखी बघत राहीन हो तुझ्याकडे." आणि प्रत्यक्षात ही कासवी अंडी घालून जाते ती जातेच. अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, ते पाहून लोक हळहळतात, पण ते अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकणं असतं. हे कळल्यावर मला जरा फसवल्यासारखं वाटलं, मग हसू आलं. संतांनी प्राणिशास्त्र लिहिलं नव्हतं. आणि पन्नास दिवस रोज सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघणारी एक नजर तिथे होतीच की. ती कासवीची नव्हती एवढंच.

आता श्लोकाकडे परत.

समुद्री कासवाला अवयव आत घेता येत नाहीत. मग त्या किनाऱ्यावर आवरून घ्यायचं कुणी? मला वेळासला हे उत्तर मिळालं नाही, इथे पुण्यात, रात्री अकराला बाल्कनीत उभं राहून समोरच्या मॉलचे दिवे बघताना मिळालं. पिल्लं उजेडाकडे जातात. समुद्रावरचं आभाळ जमिनीच्या मानाने उजळ असतं, म्हणून ती समुद्राकडे जातात. किनाऱ्यावर आपले दिवे असले की ती उलटी आपल्याकडे येतात आणि मरतात. म्हणजे तिथे ज्याची त्याची इंद्रियं आवरण्याचा अगदी शब्दशः प्रश्न आहे. टॉर्च आत घ्या. फ्लॅश आत घ्या. पाय दोरीच्या आत घ्या. हात आत घ्या. ज्याला स्वतःला आत घेता येत नाही, त्याच्यासाठी ज्याला येतं त्याने घ्यायचं. मी आजवर हा श्लोक स्वतःच्या शांततेसाठी वाचत होते, ध्यानाला बसल्यासारखा. आपण आवरलं की समोरच्याला चालायला जागा होते, हे मला त्यात कधी दिसलं नव्हतं.

अर्थात, आवरण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हेही लिहायला हवं. मी फोन खिशात ठेवला तर माझं काय जातं? मच्छीमाराच्या जाळ्यात कासव अडकलं तर त्याला जाळं कापावं लागतं. हजारो रुपयांचं जाळं, आणि त्या दिवसाची मासळीही गेली. 2018 च्या डिसेंबरपासून महाराष्ट्रात अशा वेळी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची योजना आहे, आणि अनेक मच्छीमारांनी जाळी कापून कासवं, डॉल्फिन सोडलेत. त्यांच्या हाताला मी निष्काम म्हणू की सकाम? मला तो शब्दच तिथे वापरवत नाही. आणि मालवणचा समुद्र 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला, कारण नकाशावरची रेघ त्यांच्या मासेमारीवरून जात होती. आपण शहरातून "वाचवा वाचवा" म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी हात आत घ्यावेत असं म्हणत असतो. या ब्लॉगवर मी संयमावर जितक्या पोस्ट लिहिल्यात, त्यातल्या एकीतही हा प्रश्न नाही.

यंदा मार्चमध्ये मी परत वेळासला गेले. फक्त दोन दिवस. काकांनी ओळखलं, पाणी दिलं, आणि खिशातून फोन काढला. व्हॉट्सअपवर आलेला एक फोटो होता, फॉरवर्ड होऊन होऊन रंग फिके झालेला. खाली माझ्याच चार ओळी, माझं नाव गळालेलं.

"ही कोण ओळखतेस?"

"मीच आहे काका."

"माहीत आहे." ते म्हणाले, "गेल्या दोन सीझनला लोक हा फोटो घेऊन येतात. म्हणतात, हिला दिलं हातात, मग आम्हाला का नाही? आमच्या पोरांना सांगावं लागतं, भांडावं लागतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सॉरी म्हटलं, ते फारच हलकं वाटलं. काका रागावलेले नव्हते. चहा झाला, आणि त्यांनी मला दुसऱ्या दिवशीचं काम सांगितलं: दोरी धरायची.

दोरी धरायची म्हणजे काय ते सांगते. समुद्राकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभं राहायचं. फ्लॅश बंद करा, मागे व्हा, ताई बाळाला उचलून घ्या, दादा प्लीज फोन खाली. मागे पिल्लं चाललेली असतात आणि तुम्हाला एकही दिसत नाही. मान वळवली की दोरी सैल पडते आणि माणसं दोन पावलं पुढे येतात. त्या सकाळी बरीच पिल्लं निघाली. मी एकही बघितलं नाही. हात खिशात जात नव्हता, फोन मुक्कामी ठेवून आले होते, पण मन मागे वळून वळून बघत होतं, अगदी मनातल्या मनात कॅप्शनसुद्धा लिहून झालं. उद्याचा श्लोक 59 नेमका याबद्दल आहे: विषय दूर झाले तरी त्यांची गोडी मागे उरते. त्यावर उद्या बोलू. माझ्याकडे लिहायला भरपूर आहे!

लोकांच्या चेहऱ्यांवरून मात्र कळत होतं. आधी सगळ्यांच्या नजरा वर होत्या, मग खाली आल्या, मग हळूहळू लांब जायला लागल्या, पाण्याकडे. एक आजी पुढे उभ्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते, नाम घेत असाव्यात. त्यांची नजर बराच वेळ एका जागी अडली. म्हणजे एखादं मागे राहिलं होतं. माझे हात दोरीवर घट्ट झाले. मग आजींनी हळूच हात जोडले, आणि मागून काकांचा आवाज आला, "सोडा दोरी."

देवघराशेजारी तो फोटो लावलेल्या ताई, तुम्ही अजून वाचत असाल तर तो कृपया काढून टाका. बाकी कुणाच्या फोनमध्ये असेल तर पुढे पाठवू नका, आणि कुणाकडून आला तर ही पोस्ट त्यांना पाठवा. वेळासला जाणार असाल तर पहाटे लवकर उठा, टॉर्च खोलीतच ठेवा, आणि तिथे कुणी दोरी धरून उभं असेल तर त्यांचं ऐका.

राम कृष्ण हरी.